रिकामा खिळा

मोठ्या साहेबांचं भाषण टीव्हीवर लागलं की फिटरकाका आवाज बंद करायचे. चित्र तसंच चालू ठेवायचे.

"अहो, सगळं जग कान देऊन ऐकतं त्यांना," बायको म्हणायची.

"मग मी एकट्यानं नाही ऐकलं तर काय बिघडलं?"

साहेब कोण, हे सांगायची गरज नाही. दुकानात बिल काढायचं, हातात मावणारं ते यंत्र त्यांनी काढलं आणि त्यावर डोंगराएवढी कंपनी उभी केली. आता यंत्रं इतर लोक बनवतात आणि साहेब धडे देतात. यशाचे धडे. बसथांब्यावर त्यांचा फोटो, फोटोखाली धडा. झोपेवर प्रेम करू नका. आवडत नाही ते काम सोडून द्या. आणि सगळ्यात गाजलेला धडा: चुकायला घाबरू नका, मी जितका चुकलो तितका मोठा झालो.

या शेवटच्या धड्यापाशी काकांच्या कपाळावरची शीर उडायची. का उडायची ते ते घरात कधी बोलले नव्हते. बायकोला वाटायचं, म्हाताऱ्याला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

त्यांची लेक त्याच साहेबांच्या कारखान्यात लाइनीवर होती. पुढे सरकत येणाऱ्या प्रत्येक यंत्रात बॅटरीखाली एक रबरी पट्टी बसवायची, एवढंच काम. एवढंच म्हणायला सोपं. दिवसभर मान खाली, हात चालू, आणि नजर हलली की पुढचं यंत्र समोर. ज्यानं कधी लाइनीवर काम केलं नाही त्यानं 'एवढंच' हा शब्द वापरू नये.

एका सोमवारी ती दुपारीच घरी आली. डबा तसाच भरलेला.

"घरी पाठवलं," ती म्हणाली. "गुरुवारी बोलावलंय. ठेवायचं की काढायचं, तेव्हा सांगणार."

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"पट्ट्या उलट्या बसवल्या. अख्खी खेप."

"उलटी बसते कशी? पट्टीला खूण नसते?"

"असते."

"मग?"

"रोज पट्ट्या खूण वर करून येतात. आज खोक्यात उलट्या लावून आल्या होत्या. हात चालत होता. मी बघितलं नाही."

"बघायला पाहिजे होतं."

"हो."

"म्हणजे चूक तुझीच."

"मी कुठे नाही म्हणते, बाबा? सुपरवायझरलाही तेच सांगितलं. खेप परत उघडून नीट करून देते, जेवायच्या सुट्टीत करते, असंही म्हटलं. तो म्हणाला, इथे परत बिरत काही नसतं."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि काकांवरच घसरली. "पोरगी तोंड पाडून आलीय आणि तुम्ही तिचीच उलटतपासणी घेताय. कोर्टात आहात का?"

"चूक कोणाची ते आधी ठरायला नको?"

"ठरली. आता पुढे बोला."

लेकीचा नवरा दूर कामाला, येणं-जाणं सणासुदीचं, घर तिच्याच पगारावर चालायचं. ही नोकरी गेली तर काय, हे तिघांनाही सांगावं लागत नव्हतं.

आणि त्याच संध्याकाळी फोन आला. कंपनीतून. कोणी मॅडम बोलत होत्या, मधासारखा आवाज. साहेबांच्या जीवनावर नवं दालन उभं केलंय. साहेबांना सुरुवातीच्या दिवसांत पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. फिल्म करतोय, दोन शब्द बोलायला या. गाडी पाठवू. गुरुवारी.

फोन ठेवल्यावर बायकोनं आधी देवापुढे हात जोडले. मग म्हणाली, "बघा. देवानंच दार उघडलं."

"कसलं दार?"

"तुम्ही साहेबांना ओळखता. गुरुवारीच जाताय. एक शब्द टाका पोरीसाठी."

"बाबा काही टाकणार नाहीत," लेक आतून म्हणाली. "मी चुकलेय. भीक मागून परत गेले तर उद्या लाइनीवर कोणाकडे मान वर करून बघू?"

"मान वर करून पोट भरतं का?"

काकांनी चप्पल घातली आणि बाहेर एक फेरी मारून आले. लेकीला जे म्हणायचं होतं तेच त्यांनाही म्हणायचं होतं. पण ती त्यांची लेक होती, आणि ते म्हणणं तिच्या तोंडून ऐकणं सोपं नव्हतं.

*

काका सोळाव्या-सतराव्या वर्षी मिस्त्रींच्या कारखान्यात लागले. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबट खोली, एका भिंतीला बाकांची रांग, प्रत्येक बाकावर शेगडा. शेगडा म्हणजे तुकडा घट्ट आवळून धरणारा लोखंडी जबडा. त्यात तुकडा धरायचा आणि कानशीनं घासायचा. तुकड्याला तिथे जॉब म्हणत. दोन्ही पाय रोवून, कंबरेतून जोर लावून, कानस सरळ न्यायची, सरळ आणायची. पहिले काही महिने संध्याकाळी हात भाताच्या घासापर्यंत नीट जात नव्हता. रडगाणं गायला वेळ नव्हता आणि ऐकायला माणूस नव्हता.

मिस्त्रींचा एक नियम होता. प्रत्येक बाकाच्या वर भिंतीत एक खिळा, खिळ्याला एक तार. ज्याचा जॉब बिघडेल त्यानं तो स्वतःच्या हातानं भोक पाडून स्वतःच्या तारेत ओवायचा आणि तिथे लटकवून ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा. मग नवा तुकडा घ्यायचा आणि तोच जॉब पुन्हा करायचा, बरोबर होईपर्यंत.

मिस्त्री ओरडत नसत. खिळ्याकडे नुसती मान हलवत. ओरडले असते तर परवडलं असतं.

काकांचा पहिला बिघडलेला जॉब म्हणजे एक चौकोनी ठोकळा. चारही बाजू सपाट हव्या होत्या. कानस हलत राहिली आणि ठोकळा सगळीकडून फुगीर झाला. शेजारच्या बाकावरचा म्हणाला, "वा, उशी केलीस. आता डोकं टेकून झोप." त्या दिवसापासून त्या तुकड्याचं नाव उशी पडलं. ती तारेच्या तळाशी वर्षानुवर्षं लटकत होती, आणि दर सकाळी बाकापाशी आलं की आधी तीच दिसायची.

जॉब बिघडवला म्हणून मिस्त्रींनी कोणाला काढलं नाही. एकाला काढलं, त्यानं बिघडलेला जॉब राखेच्या ढिगात पुरला होता म्हणून. "चूक कर," मिस्त्री त्याला म्हणाले, "पण माझ्या राखेत तिची समाधी बांधू नकोस." सगळे हसले. तो मात्र संध्याकाळी थैली उचलून गेला.

तार भरत गेली, मग हळूहळू भरायची थांबली. लेक जन्मली त्या दिवसाचा एक तुकडा तारेत होता. बिजागरीची पट्टी, भोक चुकीच्या बाजूनं पाडलेलं. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा ड्रिल चालू होतं, आणि हात तसाच खाली गेला. मिस्त्री म्हणाले, "जा, पोरीचं तोंड बघ. पट्टी उद्या सकाळी." दुसऱ्या सकाळी काकांनी सगळ्यात आधी ती पट्टी केली, मग पेढ्याचा पुडा सोडला.

त्याच सुमारास एक तरुण कोपऱ्यातली जागा भाड्यानं मागायला आला. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वायरी. सगळे त्याला चष्मिस म्हणू लागले. तोच पुढे मोठा साहेब झाला.

खोटं कशाला बोला, माणूस कष्टाळू होता. डोकं विलक्षण चालायचं. वायरींच्या त्या जंजाळात तासन्‌तास बसायचा, चहा गार व्हायचा. पण यंत्राला बाहेरून पत्र्याचं कवच हवं होतं, आणि पत्रा डोक्यानं वाकत नाही. त्यानं स्वतः करून बघितलं. कडा वाकड्या, भोकं तिरपी. मिस्त्रींनी त्याच्या कोपऱ्यातही एक खिळा ठोकून दिला होता. "इथे बसतोस तर खिळा घे," म्हणाले होते.

त्या खिळ्यावर कधी काही लटकलं नाही.

काका एकदा संध्याकाळी त्याच्या मागोमाग निघाले होते. पुलावर चष्मिस थांबला, इकडे-तिकडे बघितलं, पिशवीतून वाकडातिकडा पत्रा काढला आणि खाली नाल्यात सोडला. एक, मग दुसरा. काकांनी खोकून आवाज केला नाही. नवा आहे, लाजतो, असं मनाशी म्हटलं आणि वाट बदलली. मिस्त्रींनाही सांगितलं नाही. चष्मिस भाडेकरू होता, कामगार नव्हता. नियम त्याला कोण लावणार?

पुढे कवचं काकाच करू लागले. पहिलं कवच चष्मिस डोक्यावर उभा असताना वाकवलं. "काका, लवकर, माणसं बघायला यायचीत." काकांनी घाई केली, पत्रा कोपऱ्यात तडकला. त्यांनी तो स्वतःच्या तारेत ओवला. घाई सांगणारा कोणीही असो, हात काकांचा होता. दुसरं कवच नीट झालं, तेच घेऊन चष्मिस गेला आणि त्याचं नशीब उघडलं.

पुढे काम मोठ्या कारखान्यात गेलं. मिस्त्रींकडे एक पत्र आलं, आभाराचं. मग मिस्त्री गेले, कारखाना बंद झाला. चष्मिस तोवर साहेब झाला होता. त्यानं बाक, शेगडे, हत्यारं, भिंतीवरच्या तारा, सगळं विकत घेतलं. आठवण म्हणून, असं म्हणाला. काकांनी स्वतः ते सामान ट्रकमध्ये चढवलं. त्यांना बरं वाटलं होतं. मिस्त्रींचं काहीतरी राहील म्हणून बरं वाटलं होतं. पुढची वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात जाळ्या आणि फाटकं केली, नजर मंदावली तेव्हा घरी बसले. पत्रा कापताना कात्री रेघेच्या चुकीच्या बाजूला जाऊ लागली तेव्हा त्यांना कोणी घरी बसवलं नाही, ते आपण होऊन बसले.

*

गुरुवारी गाडी आली. लेकही त्याच गाडीत बसली. कंपनीला दोन फाटकं होती, पुढचं पाहुण्यांचं आणि मागचं कामगारांचं. गाडी पुढच्या फाटकापाशी थांबली. लेक उतरून भिंतीकडेनं मागच्या फाटकाकडे चालत गेली. त्या भिंतीवर साहेबांचा धडा माणसापेक्षा उंच अक्षरांत लिहिलेला होता. चुकायला घाबरू नका. ती त्याच्या खालून गेली. काकांनी तिला वळणापर्यंत बघितलं.

दालन गार होतं आणि फरशी एवढी गुळगुळीत की काका पाय जपून टाकू लागले. मॅडम हसतमुख होत्या, तरुण, हातात कागद. त्यांनी काकांना चहा दिला आणि दालन दाखवलं. मिस्त्रींचा बाक काचेमागे होता. शेगड्याला काळा रंग दिलेला. पाटी: 'साहेबांचा पहिला बाक.'

"हा मिस्त्रींचा," काका म्हणाले.

"हो का? म्हणजे साहेब ज्यावर काम करायचे तो."

"साहेब कोपऱ्यात टेबलावर काम करायचे."

"तेच ते," मॅडम म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

दालनाच्या मधोमध उंच काचेची पेटी होती. आत वरून प्रकाश सोडलेला, आणि प्रकाशात तार. तिच्यात ओवलेले तुकडे चमकत होते. तळाशी उशी.

काका उभे राहिले. त्यांना आधी कळलंच नाही की आपल्याला नेमका कशाचा राग येतोय. मग कळलं. तुकड्यांचा गंज काढून त्यांना पॉलिश केलं होतं. बिजागरीच्या पट्टीवरचं ते वेंधळं भोक आता दागिन्यासारखं दिसत होतं. आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल असा, तडकलेल्या कोपऱ्याचा पत्रा.

पाटीवर लिहिलं होतं: 'साहेबांच्या अपयशांची माळ. यातला प्रत्येक तुकडा त्यांनी आपल्या हातांनी घडवला, आणि बिघडला तरी हार मानली नाही.'

काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

चांगलं काम नेलं असतं तर ते एक अक्षर बोलले नसते. चांगलं काम गिऱ्हाइकाचंच असतं. दाराबाहेर जावं म्हणूनच ते करायचं असतं. त्याच्यावर कोणाचं नाव पडतं याची फिटरला सवय असते. पण बिघडलेला जॉब माणसाचा स्वतःचा असतो. तो त्यानं सगळ्यांसमोर लटकवलेला असतो, रोज सकाळी बघितलेला असतो, शेजाऱ्याची थट्टा गिळलेली असते. त्याच्यावर दुसऱ्यानं हक्क सांगायचा? आणि तोही अशा माणसानं, ज्याचा खिळा अखेरपर्यंत कोरा होता?

"काय झालं काका? भरून आलं ना?" मॅडमनी हळुवारपणे विचारलं. "सगळ्यांनाच येतं इथे."

त्यांना खुर्चीवर बसवलं, काचेची पेटी मागे येईल अशी. कॅमेऱ्यामागे एक माणूस. मॅडमनी कागद वाचला. "तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, साहेब किती वेळा चुकले, पण थांबले नाहीत. बाकी तुमच्या शब्दांत."

"डोळ्यांनी काय बघितलं ते सांगू?"

"तेच तर हवंय."

कॅमेरा सुरू झाला. काका वळले आणि पेटीकडे बोट केलं.

"तळाशी आहे ती उशी. ती मी केली. सपाट करायची होती, फुगली. त्यावर पट्टी आहे, भोक चुकीच्या बाजूला. तीही मीच. त्या दिवशी मला लेक झाली. मधला पत्रा तडकलाय तो माझ्या हातून. घाई मला दुसऱ्यानं सांगितली होती, पण वाकवला मी. वरचा रेघ सोडून कापलाय, तोही माझाच. या तारेत साहेबांचं काही नाही. साहेबांना वेगळा खिळा होता. त्याच्यावर काही नव्हतं."

मॅडमनी हात वर केला. कॅमेरा थांबला. "काका, छान बोलता तुम्ही. पण हे जरा... आपण साहेबांबद्दल बोलूया ना."

"साहेबांबद्दलच बोललो की."

तेवढ्यात दालनाच्या दारात गडबड झाली आणि साहेब स्वतः आले. केस पांढरे, चष्मा आता पातळ. "काका!" म्हणत त्यांनी हात पुढे केले, काकांना जवळ घेतलं. खरंखुरं घेतलं, ढोंग नव्हतं. "ओळखलंत का चष्मिसला?"

"ओळखलं. तार बघितली."

"सगळे तिथेच थांबतात. लोक रडतात हो तिच्यापुढे."

"ती माझी आहे."

साहेब हसले. "काका, तेव्हा तुमचं-माझं असं काही होतं का? आपण सगळे एकाच छपराखाली चुकत होतो."

"आम्ही चुकत होतो ते खिळ्यावर होतं. तुझं पुलाखाली होतं."

साहेबांचं हसू तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम हलक्या आवाजात काही बोलल्या. मागचं फाटक, लाइन, सुपरवायझर, असे शब्द काकांच्या कानावर आले. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं.

साहेब खुर्ची ओढून समोर बसले. "काका, तुमची मुलगी आमच्याकडेच आहे म्हणे. काहीतरी अडचण झालीय."

"अडचण नाही. चूक झालीय. पट्ट्या उलट्या बसवल्या."

"बरं, चूक. मी सुपरवायझरला एक फोन करतो. होऊन जाईल. तुम्ही एवढं ते मॅडमनी सांगितलेलं बोलून टाका. एका वाक्याचा प्रश्न आहे."

काकांच्या डोळ्यांसमोर बायको आली, भरलेला डबा आला. एक वाक्य. तोंड हलवायचं. तोंड हलवण्यात काय कष्ट आहेत? त्यांनी आयुष्यभर याहून जड वजनं उचलली होती.

"एक विचारतो," ते म्हणाले. "फोन नाही केला तर तिला काढणार?"

"नियम आहेत, काका. मालाच्या बाबतीत आम्ही सूट देत नाही. एक खेप परत आली तर नाव जातं."

"मग बाहेर भिंतीवर काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

"चुकायला घाबरू नका."

साहेब क्षणभर गोंधळले. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता, असं काकांना वाटलं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. "अहो, ते प्रेरणेसाठी आहे," साहेब म्हणाले. "लाइनीसाठी नाही."

"मिस्त्रींकडे लाइनीसाठीच होतं."

"मिस्त्रींचा कारखाना बंद पडला, काका."

काका उठायला गेले तेव्हा बाजूच्या दारात लेक दिसली. सुपरवायझरनं तिला तिथवर आणून सोडलं होतं, बहुधा मॅडमच्याच सांगण्यावरून. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात पिशवी, पिशवीत तिचा डबा आणि कामाचा अंगरखा. तिनं पेटीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. पट्टीवरच्या भोकाबद्दल तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, 'तुझ्यामुळे बिघडलेला जॉब' म्हणून. बघत होती आज पहिल्यांदा.

"ये ना, ये," साहेब म्हणाले. "तुझंच बोलतोय आम्ही. बाबांनी एवढं वाक्य म्हटलं की सोमवारपासून कामावर."

लेकीनं विचारलं, "कुठलं वाक्य?"

मॅडमनी हातातला कागद उलटा केला.

"बाबा, चला," ती म्हणाली. "बस जाईल."

काकांनी साहेबांकडे वळून म्हटलं, "पाटी बदल. नाहीतर माझी तार मला दे."

"काका, ती कागदोपत्री कंपनीची आहे. तुम्हीच ट्रकमध्ये चढवली होती." मग साहेब मॅडमना म्हणाले, आवाज न चोरता, "वय झालंय त्यांचं. विसर पडतो. वाईट वाटून घेऊ नका."

त्या गुळगुळीत फरशीवरून काका लेकीच्या मागे चालत बाहेर आले, या वेळी पाय न जपता.

*

दोघं बसनं निघाली. घर जवळ आल्यावर लेक म्हणाली, "आई जीव खाईल."

"खाऊ दे."

बायकोनं खाल्लाच. तिनं भांडी आपटली, नशिबाला शिव्या दिल्या, दोघांना एकाच माळेचे मणी म्हटलं. "एक वाक्य," ती म्हणाली. "घरात दिवसभर शंभर नको ती वाक्यं बोलता. तिथे एक बोलला असता तर जीभ झडली असती?"

"विसर पडतो म्हणाला तो मला," काका म्हणाले.

बायकोचा हात थांबला. "कोण म्हणाला?"

"चष्मिस. सगळ्यांसमोर. तार माझी नाहीच, म्हाताऱ्याला विसर पडला."

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्हाला विसर? लग्नात माझ्या मामानं किती वेळा पान मागितलं तेही तुम्ही अजून ऐकवता." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यानंतर तिनं त्या वाक्याचा विषय काढला नाही. साहेबांचं भाषण लागलं की आवाज आता तीच बंद करते.

लेकीनं पिशवीतून एक रबरी पट्टी काढून टेबलावर ठेवली. सुपरवायझरनं पुरावा म्हणून तिच्यापुढे आपटली होती, ती तिनं उचलली. फाटकावर विचारलं तेव्हा म्हणाली, माझी चूक आहे, घरी नेते. पहारेकरी हसला आणि सोडलं.

"खिळा आहे का?" तिनं वडिलांना विचारलं.

"भिंतीचा पोपडा निघेल," आई म्हणाली, पण हातोडी तिनंच आणून दिली.

काकांनी खिळा ठोकला. लेकीनं पट्टीला भोक पाडलं, तार घातली, लटकवली. मग तिनं आणखी एक खिळा उचलला. "आणि तुमचा?"

काकांनी तोही ठोकला. त्याच्यावर लावायला त्यांच्याकडे काही नव्हतं. आयुष्यभराचं सगळं तिकडे काचेत होतं. ते त्या खिळ्याकडे बघत राहिले. चष्मिसच्या कोपऱ्यात जसा होता तसाच दिसत होता.

लेकीला पुढे पंपांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. पगार कमी, जायला लांब, आणि मालक तोंडाचा फटकळ. पण बिघडलेली मोटार तो परत तिच्याच पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "आता नीट कर." तिला तेवढं पुरतं. तेवढं पुरावं लागतं ही गोष्ट वेगळी.

सुट्टीच्या दिवशी दालन लोकांसाठी उघडं असतं, तिकीट नाही. काका धुतलेला सदरा घालून जातात आणि पेटीच्या शेजारी उभे राहतात. पहिल्या दिवशी पहारेकरी आला. तोच, फाटकावरचा.

"काका, इथे उभं राहता येत नाही."

"लिहिलंय कुठे?"

"लिहिलेलं नाही. पण तुम्ही लोकांना काहीबाही सांगता म्हणे."

"काचेला हात लावतो का?"

"नाही."

"आरडाओरडा करतो?"

"नाही."

"मग बघ तू तुझं काम."

पहारेकऱ्यानं जरा विचार केला आणि दाराकडे जाऊन उभा राहिला.

परवा एक शिक्षिका वर्ग घेऊन आली होती. तिनं पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. साहेबांच्या अपयशांची माळ. काकांनी वाचून होऊ दिलं. मग म्हणाले, "बाई, पाटी साहेबांची आहे. जॉब माझे आहेत."

शिक्षिकेनं त्यांच्याकडे नीट बघितलं. बोटांकडे बघितलं. "मग साहेबांच्या चुका कुठे आहेत?"

"त्या बघायच्या तर नाल्यात उतरावं लागेल," काका म्हणाले. "गाळ फार आहे. या तुम्हाला दिसतायत तर या बघा." आणि ते काचेपाशी वाकले. "ही तळाशी आहे ना, हिला आम्ही उशी म्हणायचो. सपाट व्हायला हवी होती. कुठे चुकलं ते सांगतो."